एका अंगानं लाल

ओर्लिंदाच्या गॅरेजमध्ये ती गाडी डाव्या भिंतीला इतकी खेटून उभी असायची, की पालीलासुद्धा तिथून जायचं तर पोट आत ओढून घ्यावं लागलं असतं. शेजारीपाजारी चेष्टा करत. ही बाई रोज सकाळी शाळेची भलीमोठी पिवळी बस नदीकाठच्या अरुंद रस्त्यांवरून वळवते आणि घरातली गाडी तिला मधोमध लावता येत नाही! ओर्लिंदा ऐकून घ्यायची, मान खाली घालायची आणि ओठांतल्या ओठांत हसायची. सगळी गंमत त्या डाव्या अंगालाच तर होती.

उजव्या अंगानं बघाल तर गाडी म्हणजे गरीब गाय. चोपन्न सालची शेव्हरोले, चार दारांची, पातळ आंबिलीच्या रंगाची. मडगार्डला पोचा, दारांच्या खालच्या कडेला गंजाची झालर. डाव्या अंगानं मात्र ती नवरी होती. पत्रा ठोकून, खड्डे बुजवून, घासकागदानं घासून घासून आरशासारखा केलेला. त्यावर चांदीचा थर आणि चांदीवर पाकासारख्या पारदर्शक लाल रंगाचे अकरा हात. तो लाल पत्र्यावर बसल्यासारखा दिसायचा नाही, आतून वर यायचा. दारावर टांगलेल्या मिरच्यांच्या माळेवर उतरतं ऊन पडावं, तसा. बॉनेट आणि छप्पर तेवढं तिनं हात न लावता आंबिलीच्याच रंगाचं ठेवलं होतं. ते मावशीला दिसलं असतं.

आणि मावशीला काही म्हणजे काही दिसता कामा नये, ह्यावरच सगळं अडलेलं होतं.

गाडी सेराफिना मावशीची. मावशी पाटाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर राहायची. वय ब्याऐंशी, कान तिखट, डोळे त्याहून तिखट. नवरा ओनोफ्रे जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून गाडी अंगणात उभी होती आणि कोंबड्यांनी मागच्या सीटवर संसार थाटला होता. मिरच्या भाजायच्या दिवसांत मावशीनं भाचीला बोलावून घेतलं.

“घेऊन जा हिला,” मावशी म्हणाली. “चालती कर. ईस्टरला मला हिच्यातून मिस्साला ने. चर्चच्या दारात कागदावर सही करीन, गाडी तुझी. पण आधीच सांगून ठेवते. ओनोफ्रेनं ठेवली होती तश्शी पाहिजे. रंग बदलायचा नाही. उंची बदलायची नाही. हे लोक गाड्या बेडकासारख्या जमिनीला चिकटवून फिरतात ना, ते मला नको. एक खिळा इकडचा तिकडे झाला तर गाडी एलोयला.”

एलोय म्हणजे ओनोफ्रेचा, अल्बुकर्की शहरातला पुतण्या. त्याच्या ओळखीचा एकजण जुन्या गाड्या काचेच्या शेडमध्ये ठेवायचा. पुसायचा, झाकायचा, पण चालवायचा नाही.

“हो मावशी,” ओर्लिंदा म्हणाली आणि गाडी ओढून घरी आणली.

आता ओर्लिंदाचंही ऐकायला हवं. ती चौदा वर्षांची असल्यापासून रविवारी दुपारी रस्त्याच्या कडेला उभी राहायची. त्यांच्या एस्पान्योला गावात तेव्हाही तेच चालायचं, आजही तेच चालतं. मिस्सा आटोपला की गाड्या निघतात, पोट जमिनीला टेकवून, इतक्या सावकाश की शेजारून चालणारं कुत्रंही कंटाळून पुढे निघून जावं. तिचे तिन्ही भाऊ त्या रांगेत असायचे. पोरींनी कडेला उभं राहून बघायचं. ओर्लिंदा एक्केचाळीस वर्षं बघत आली होती. आता गॅरेज तिचं होतं, हात तिचे होते आणि त्यात गाडी येऊन पडली होती. भावांनी येऊन नाकं मुरडली. “चार दारं? ही कसली मिरवायची गाडी! ही तर बाजारहाटाची. मिरवायची ती दोन दारांची.” ओर्लिंदानं त्यांच्या हातात कॉफी दिली आणि गॅरेजचं दार ओढून घेतलं.

तिचा नवरा मोईसेस गाद्या शिवायचा, सोफ्याच्या आणि गाड्यांच्याही. कोंबड्यांच्या खुणा निघेनात, म्हणून त्यानं सीटवर आधीसारखंच कापड चढवलं होतं. डिकीत पहिली बॅटरी चढताना बघून तो म्हणाला, “तू मावशीला हो म्हणाली होतीस.”

“तोंडानं म्हणाले. हात कुठे म्हणाले?”

“म्हणजे?”

“म्हणजे ईस्टरपर्यंत हिचं उजवं अंग मावशीचं, डावं माझं. सही झाली की दोन्ही माझी.”

डिकीत तिनं दोन पंप बसवले, सहा बॅटऱ्या मांडल्या, चारही चाकांपर्यंत तेलाच्या नळ्या नेल्या. तेलाच्या दाबावर गाडी उठायची, दाब सोडला की बसायची. हे सगळं चालायचं एका छोट्या डबीतून. काड्यापेटीएवढी डबी, तिच्यावर बटणं, मागे लांब वायर. मावशी आली की गाडी उठवायची, गेली की बसवायची. उठलेली गाडी बघून कुणाच्या बापाला कळलं नसतं. डाव्या अंगाचं रंगकाम मंगळवारी व्हायचं. मंगळवारी मावशी जपमाळेला चर्चमध्ये जायची, तेवढ्या वेळात गाडी भिंतीपासून मधोमध यायची.

मावशीचा यायचा वार गुरुवार. दुपारचं जेवण झालं की ती काठी टेकत पाटावरची फळी ओलांडून यायची आणि पुढचं उजवं दार उघडून आपल्या नेहमीच्या जागी बसायची. पर्स मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. एरवी हळू बोलणारी बाई, पण गाडीत बसली की तिचा आवाज आपोआप चढायचा. रिकाम्या स्टेअरिंगकडे तोंड करून ती ओरडायची, “ओनोफ्रे! पाटाला पाणी आलं! ओनोफ्रे! एलोयचं पोट सुटलंय!” तिकडच्या गाड्यांचं स्टेअरिंग डावीकडे, त्यामुळे त्या बाजूचं दार भिंतीनं बंद, म्हणून ओर्लिंदा मागच्या सीटवर बसायची आणि गुपचूप ऐकायची.

डिसेंबरात मावशी हातावर घोंगडी घेऊन आली. “ही डिकीत ठेव. त्याची घोंगडी कायम डिकीत असायची.”

“डिकीची किल्ली हरवलीय, मावशी.”

“चार महिने दुरुस्ती करतेस आणि किल्ली हरवलीस?”

“शोधतेय ना.”

“शोध, शोध. माझी आई म्हणायची, बाईची जीभ पुढे चालायला लागली की किल्ली मागे राहते. मला तेव्हा काही कळायचं नाही.” एवढं बोलून मावशीनं घोंगडी मागच्या सीटवर टाकली आणि निघून गेली.

जानेवारीत मागच्या नळ्यांमधून दाब गळायला लागला. सकाळी उठवलेली गाडी दुपारपर्यंत मागून हळूहळू खाली यायची, आणि बसताना एक लांब उसासा टाकायची. एका गुरुवारी मावशी आली तर गाडीनं मागून बसकण मारलेली.

“हिला काय झालं?”

ओर्लिंदा घाईघाईनं घोंगडी झटकायला लागली. मोईसेसच पुढे झाला. “थंडी, मावशी. म्हाताऱ्या गाड्या थंडीत बसतात.”

“मी ब्याऐंशी वर्षांची आहे,” मावशी म्हणाली. “मी बसलेय का कुठे?”

खरी गंमत झाली ती मार्चमध्ये. मावशी पुढे बसली होती, ओर्लिंदा मागे जाऊन बसली. डबी घोंगडीखाली राहिली होती. ओर्लिंदा नेमकी तिच्यावरच बसली.

घुंऽऽई! डिकीतून आवाज आला. गाडीचा मागचा भाग वीतभर वर उचलला गेला, मावशीचं डोकं समोर झुकलं, पर्स मांडीवरून घसरली. ओर्लिंदा उडून बाजूला झाली. गाडी उसासा टाकत खाली आली.

बाहेर कोंबडा आरवला. ओर्लिंदानं डोळे मिटून घेतले. गेली गाडी, एलोयची झाली, काचेत गेली.

मावशीनं सावकाश पर्स उचलली. मग स्टेअरिंगकडे बघून म्हणाली, “ओनोफ्रे?”

ओर्लिंदानं एक डोळा उघडला.

“ओनोफ्रे, तूच ना रे? तसाच खाकरलास. सकाळी बंब पेटवताना खाकरायचास ना, अगदी तसाच.” तिनं छातीवर क्रूस केला. “तू असलास तर एकदा उचल. नसलास तर दोनदा.”

आता हे बघा, माणसाचा हात किती खोडकर असतो. ओर्लिंदाचं मन म्हणत होतं, सांगून टाक. हात म्हणत होता, एकदाच, एवढं एकदाच. हातानं एकदा दाबलं.

घुंऽऽई.

मावशीच्या सुरकुतलेल्या गालावर हसू उमटलं; तसलं हसू ओर्लिंदाला तीन वर्षांत दिसलं नव्हतं. काठी न टेकता मावशी फळी ओलांडून घरी गेली.

“शाबास,” संध्याकाळी मोईसेस सुईत दोरा ओवत म्हणाला. “आतापर्यंत आपल्या तोंडानं खोटं बोलत होतीस. आता मेलेल्या माणसाच्या तोंडानं बोलायला लागलीस. बढती झाली.”

“तू तिचा चेहरा बघितला असतास ना...”

“मी तुझा बघतोय.”

पण पुढच्या गुरुवारी मावशी केसांत कंगवा खोचून, ओठांना थोडी लाली लावून आली. आता नाही कसं म्हणायचं? गाडीत बसली, पदरासारखी शाल सावरली आणि अगदी हळू, कानात सांगावं तशी बोलायला लागली.

“ओनोफ्रे, तिथे जेवायला बरं देतात का?”

घोंगडीखाली ओर्लिंदाचं बोट हललं. एकदा.

“माझ्या हातासारखं?”

दोनदा. मावशी खुलली.

“माझे बाबा भेटले?”

एकदा.

“अजून तुझ्यावर डाफरतात?”

ओर्लिंदानं विचार केला. म्हाताऱ्याला तिनं पाहिलं होतं. एकदा दाबलं. मावशी हसता हसता डोळे पुसायला लागली.

त्याच्या पुढच्या गुरुवारी प्रश्न जरा वाकड्या वाटेनं गेले. “ओनोफ्रे, ती तोमासिता भट्टीतून पाव काढून आणायची आणि तू म्हणायचास, असा पाव जन्मात खाल्ला नाही. ते खरं होतं का रे?”

तोमासिताचा पाव खरोखरच चांगला असायचा, साऱ्या गावाला ठाऊक होतं. काकांच्या संसाराला काडी लावायची की काकांना स्वर्गात खोटं बोलायला लावायचं? तिनं दोनदा दाबलं.

“खोटारडा,” मावशी लाडानं पुटपुटली. मग खिडकीबाहेर बघत सहज म्हणाली, “आणि ओनोफ्रे, ही पोर काम नीट करतेय ना?”

एकदा. चटकन.

“डिकीची किल्ली खरंच हरवलीय का?”

ओर्लिंदाचं बोट हवेत राहिलं. गाडी गप्प. छपराच्या पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या.

“झोप लागली वाटतं त्याला,” मावशी म्हणाली आणि उतरून गेली.

असं करता करता ईस्टरच्या आधीचा पवित्र गुरुवार आला. त्या दिवशी साऱ्या दरीत ताटं फिरतात. उपवासाच्या दिवसांतलं जे जे रांधलं असेल ते ताटलीत घालून, वर रुमाल झाकून, या घरातून त्या घरात जातं, आणि रिकामी ताटली कुणी परत देत नाही. मावशी मोड आलेल्या गव्हाची गोड खीर घेऊन आली. तांबूस, दाट, चुलीवर दिवसभर आटवलेली. ताटली तिनं गाडीच्या पुढच्या काचेखाली ठेवली आणि आपल्या जागी बसली. ओर्लिंदा मागे. डबी घोंगडीखाली. दारात मोईसेस उभा, हात घडी घालून.

मावशीनं गुणगुणायला सुरुवात केली.

“हळू चाल माझ्या गाडी, घाई नको गं नको,
खिडकीत उभी राणी, तिची नजर ना चुको.”

“तू हेच म्हणायचास ना रे?” ती स्टेअरिंगला म्हणाली, अगदी हळू. “नवी घेतली होतीस ही. नवी म्हणजे दुसऱ्याची जुनी, पण तुला नवी. डिकीत सिमेंटची चार पोती टाकायचास. मागून अशी बसायची ही, की रस्त्यावरच्या दगडावर घासून ठिणग्या उडायच्या. माझ्या खिडकीखालून दिवसातून सात वेळा जायचास. आई म्हणायची, त्या पोराची गाडी मोडलीय का? मी म्हणायचे, नाही गं, ती अशीच आहे.”

काकांची गाडी? बसलेली?

“आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, ओनोफ्रे, ती पोती काढ. आता तू संसारी माणूस, लोक हसतील. तू एक शब्द बोलला नाहीस. पोती काढलीस आणि त्या सिमेंटची माझ्या स्वयंपाकघराला पायरी बांधलीस. पन्नासावर वर्षं सरळ, उंच गाडी चालवलीस, डोंगरावरच्या सरकारी प्रयोगशाळेत झाडू मारायला गेलास आणि आलास. मी रोज त्या पायरीवर बसून मिरच्या निवडल्या.” तिनं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. “हे मी तुला कधी विचारलं नाही. रागावला होतास का रे माझ्यावर?”

ओर्लिंदाचं बोट बटणावर होतं. दोनदा दाबलं की झालं. नाही, रागावलो नव्हतो. म्हातारी सुखानं घरी जाईल, रविवारी सही करील, गाडी आपली. दोनदा. किती सोपं. तोमासिताच्या पावाला दाबलंच होतं की.

पण बोट काही खाली जाईना. पाव वेगळा. हे उत्तर फक्त एका माणसाला माहीत होतं आणि तो गेला होता. त्याच्या जागी बसून हे उत्तर द्यायचा हक्क कुणालाच नव्हता, आणि डबीवर बसणाऱ्या भाचीला तर मुळीच नाही.

तिनं घोंगडी बाजूला सारली, डबी उचलली आणि वायरीसकट पुढच्या सीटवर, मावशीच्या पर्सशेजारी ठेवली.

“मावशी, हे काका नाहीत. ही मी आहे. सगळे गुरुवार मीच होते. डिकीत पंप आहेत. किल्ली माझ्या खिशात आहे. गाडी आपोआप बसते ती थंडीनं नव्हे, तेल गळतंय म्हणून. आणि त्या अंगाला...” तिला रडू यायला लागलं. “त्या अंगाला ती लाल आहे. एलोयला फोन कर तू. मी दिलेला शब्द मोडला.”

मावशीनं डबी हातात घेतली, चष्मा वर करून बघितली, उलटीसुलटी केली.

“एवढीशीच आहे?” ती म्हणाली.

“तुला राग नाही आला?”

“अगं बये, ओनोफ्रे शेवटची बारा वर्षं उजव्या कानानं ठार बहिरा होता. मी कुठे बसायचे? त्याच्या उजव्या बाजूला. तीन तीन वेळा बोंबलल्याशिवाय त्याला ऐकू जायचं नाही. आणि मेल्यावर पहिल्याच हळू हाकेला ओ देतो होय?”

दारात मोईसेस गर्रकन पाठ फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

“म्हणजे... पहिल्या दिवसापासून?”

“त्या दिवशी मी दचकले, ते खरं. पुढच्या गुरुवारी मुद्दाम हळू विचारलं. झालं, कळलं.” मावशीनं खिरीच्या ताटलीवरचा रुमाल सारखा केला. “पण घरी भिंतींना काही विचारलं तर त्या एकदाही उचलत नाहीत आणि दोनदाही नाहीत. म्हटलं, भाची एवढी कष्टानं उत्तरं देतेय तर विचारून घ्यावं. तोमासिताचं उत्तर मात्र चुकलंस. तिच्यासारखा पाव मला कधीच जमला नाही.”

“मग आजचा प्रश्न?”

“तो मी तुला नव्हता विचारला.” मावशीनं डबी मांडीवर ठेवली. “म्हणून बरं केलंस, नाही दाबलंस ते. दाबलं असतंस तर इथूनच एलोयला फोन केला असता.”

मग तिनं गाडी बाहेर काढायला लावली. दुपारच्या उन्हात तिघांनी मिळून ढकलली. मावशी काठी टेकत वळसा घालून डाव्या अंगाला गेली आणि तिथेच उभी राहिली. लाल रंग तिच्या पांढऱ्या केसांत उतरला, चष्म्यात उतरला.

“बाई बाई बाई,” ती म्हणाली. “फादरच्या हातातला प्याला पडणार.”

“तू म्हणाली होतीस, काकांनी ठेवली तशी...”

“तेच तर. ती उंच गाडी ओनोफ्रेनं नव्हती ठेवली, मी ठेवायला लावली होती. मला वाटायचं, निदान आता तरी माझं ऐकून कुणी गप्प बसू नये.” तिनं बोटानं दार चाचपलं, लगेच शालीनं बोटाचा ठसा पुसला. “रविवारी अशीच न्यायची. बसलेली. ही डबी मात्र माझ्याजवळ राहील. तुझ्या हाताचा भरवसा नाही. आणि सही करीन, पण एका अटीवर.”

“कोणती?”

“हे डावं अंग त्याचं. तो इथून चढायचा. उजवं माझं, मी तिथून चढते. माझ्या अंगाला रंग लावायचा नाही.”

“कधीच?”

“कधीच.”

ओर्लिंदानं आंबिलीच्या अंगाकडे पाहिलं. पोचा, गंज, झालर. तिच्या घशातून जो आवाज निघाला तो थेट गाडीच्या उसाशासारखा होता. मोईसेसनं तिच्या पाठीवर थोपटलं. “अर्धी तर अर्धी.”

शनिवारी मोईसेस सकाळपासून डिकीत डोकं घालून बसला. सगळ्या नळ्यांची रबरं त्यानं नवी घातली, फडक्यानं पुसून पुसून बघितलं. “आता एक थेंब गळला तर माझं नाव बदला,” तो म्हणाला. गाडी रात्रभर उभी राहिली. सकाळी पट्टीनं मोजली तर केसभरही खाली नव्हती.

रविवारी मात्र मावशीनं ऐनवेळी बेत फिरवला. “चर्चपर्यंत उंच ने,” ती म्हणाली. “मिस्साच्या आधी मला तमाशा नको. नंतर बघू.” तिनं डबीची वायर स्वतःच्या हातानं उपटली आणि डबी पर्समध्ये, जपमाळेशेजारी टाकून चेन ओढली. तेव्हा गाडी उंचच गेली आणि चर्चच्या दारात उंचच उभी राहिली.

मिस्सा आटोपला. फादरनं गाड्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. ह्या गाडीपाशी आल्यावर त्यानं एका बाजूनं शिंपडलं, वळसा घातला, थबकला, पुन्हा पहिल्या बाजूला जाऊन खात्री केली आणि दुसऱ्या बाजूला जरा जास्तच शिंपडलं. ओर्लिंदाचे तिन्ही भाऊ आपापल्या गाड्या सोडून येऊन उभे राहिले. कुणाच्या तोंडून चार दारांचा उल्लेख निघाला नाही.

मावशी आपल्या जागी बसली. ओर्लिंदा स्टेअरिंगवर, दोन्ही हात वर, सगळ्यांना दिसतील असे. मोईसेस मागे. गाडीचे कागद मावशीच्या मांडीवर, पेन हातात. सही करायला वाकली आणि थांबली. डावीकडे तोंड करून, ओर्लिंदाच्या पलीकडे कुणी बसलं असावं तशी, ती साऱ्या आवारात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली,

“ओनोफ्रे! पोती काढायला लावली म्हणून रागावला होतास का?”

माणसं वळून बघायला लागली.

“ओनोफ्रे! रागावला होतास का?”

चर्चच्या घंटेवरचं कबूतर उडालं.

“ओनोफ्रे!”

तिसऱ्या हाकेला गाडीनं एक लांब, सुखाचा उसासा टाकला. आणि मागून, अगदी सावकाश, आधी बोटभर, मग वीतभर, डिकीत कुणी एकामागून एक चार जड पोती ठेवावीत तशी, ती खाली बसली.

मोईसेसनं तोंड उघडलं. रबरं नवी होती, वायर उपटलेली होती, हे सगळं त्याच्या जिभेवर होतं. त्यानं तोंड मिटलं. मग हळूच म्हणाला, “गळत असेल कुठेतरी.”

“ना हो, ना नाही,” मावशी पुटपुटली. “बोललाच नाही मेला. पोती तेवढी ठेवली परत.” तिनं नाक पुसलं, कागद पर्सवर ठेवले आणि सही केली. गाडी मागून कललेली, म्हणून सहीसुद्धा वर चढत गेली. “चल गं. हळू चालव. मला सगळ्यांना दिसायचंय.”

त्या दुपारी नदीकाठच्या रस्त्यावरून एक गाडी गेली. रस्त्याच्या उजव्या कडेला खुर्च्या टाकून बसलेल्यांनी सांगितलं, सेराफिनाची जुनी आंबिलीच्या रंगाची खटारा गाडी, मागून मोडलेली. डाव्या कडेचे म्हणाले, तुमचे डोळे फुटलेत, मिरचीसारखी लालभडक होती, आणि चालवणारी ओर्लिंदा राणीसारखी हसत होती. न्हाव्याच्या दुकानात हे भांडण सोमवारी दुपारपर्यंत चाललं आणि दोघांनी तर बोलणंही टाकलं. भांडण मिटवता आलं असतं, कारण पुलाजवळून वळून गाडी परतसुद्धा आली होती. पण तेव्हा उजवे लाल म्हणायला लागले आणि डावे आंबील, आणि आत बसलेली म्हातारी खिडकीतून हात हलवत दोन्हीकडच्यांना म्हणत होती, बरोबर आहे, बरोबर आहे.